पथ्याच्या घरातली दाढ

बेळगावात राहायचं आणि कुंदा खायचा नाही, अशी शिक्षा कुणी कुणाला दिलेली मी तरी ऐकलेली नाही. आमच्या घरात ती सगळ्यांना होती आणि कायमची होती. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं दुपारी दूध आटवायला घेतलं की तो वास सरळ आमच्या खिडकीतून आत यायचा, आणि आप्पा हातातलं काम टाकून खिडकी लावून घ्यायचे. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. वासानंसुद्धा चढतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चढते ती सूज. आमच्या घराण्यात माणसं फुगायची. याला दुसरा सभ्य शब्द मला तेव्हाही मिळाला नाही. रात्री धड झोपलेलं माणूस सकाळी उठावं तर ओठ शेवयाच्या उपम्यावर पडलेल्या लिंबाच्या फोडीएवढा, नाहीतर एक पापणी मिटलेली, नाहीतर हाताचा पंजा भिजवलेल्या कणकेसारखा. खाज नाही, ताप नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरायचं. पण तीच सूज पोटात आली की माणूस गडाबडा लोळायचं. माझ्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, अपेंडिक्स अशाच एका दुखण्यात काढलं. ऑपरेशननंतर सर्जननं बाहेर येऊन सांगितलं की अपेंडिक्स अगदी उत्तम होतं. आण्णा पुढं बरीच वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट अभिमानानं सांगायचे.

फुगलेल्या माणसासमोर आप्पा मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "काल काय खाल्लंतंस?" जे उत्तर येईल ते त्या दिवसापासून सगळ्या घराला बंद. आजोबांच्या काळात वांगं गेलं. मग फणस गेला. आमचं मूळ गाव खानापूरकडच्या रानात, परड्यात फणसाची झाडं लगडलेली, आणि आम्ही ते फणस शेजाऱ्यांना वाटून त्यांचं खाणं बघत बसायचो. मग हरभऱ्याची डाळ गेली, आणि होळीला आमच्याकडे तुरीच्या डाळीची पोळी होऊ लागली. धाकट्या काकांच्या मुलानं गुंजीच्या स्टेशनात वडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा गाल सुजला. तेव्हा वडा तर बंद झालाच, पण गुंजीही बंद झाली. गाडी गुंजीला थांबली की आप्पा आम्हाला खिडक्या ओढून घ्यायला लावायचे, आणि बाहेर विकणारा वडेवाला काचेवर टकटक करायचा. पथ्याला आत यायला दार होतं, बाहेर जायला नव्हतं.

कुंदा माझ्यामुळं गेला. मी बी.एस्सी.ला होते. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीकडे वाटीभर कुंदा खाल्ला आणि सकाळी उजवा पंजा एवढा सुजला की परीक्षानळी धरता येईना. मी घरी येऊन म्हटलं, "आप्पा, कुंद्यानं न्हाय, प्रॅक्टिकलच्या भीतीनं झालं असंल." आप्पा जरासा विचार करून म्हणाले, "मग प्रॅक्टिकल बी बंद कर." त्यानंतर घरातली सगळी माणसं माझ्याशी कितीतरी दिवस तोडून बोलत होती. बेळगावातला कुंदा मी त्यांच्या तोंडातून काढून घेतला होता, आणि तो राग मी आजही समजू शकते.

आप्पांना स्वतःला मात्र कधी काही झालं नाही. बोटाचं पेरसुद्धा सुजलं नाही. हाच त्यांचा पुरावा. "मी पाळतोय, म्हणून मला काय होत न्हाय. तुमी चोरून खाता," असं ते म्हणायचे, आणि ते खोटं म्हणावं तर कुणाची छाती होत नव्हती. फणस त्यांचा जीव की प्राण होता, आणि तो त्यांनी मिसरूड फुटायच्या आत सोडला होता.

या सगळ्या बंद्यांत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक बंदी मात्र खाण्याची नव्हती. आमच्यात दात काढायचा नाही. आजोबांनी खानापूरच्या बाजारात दाढ काढून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी उजाडता ते गेले. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याच्या पलीकडे आप्पा बोलत नसत. त्यामुळं आमच्या घरात किडलेला दात म्हणजे घरातलंच एक माणूस. लवंग दाबायची, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या आणि तो आपण होऊन पडेपर्यंत वाट बघायची. आण्णांच्या तोंडात असे तीन-चार जुने भाडेकरू होते, तेही हलायचं नाव न घेणारे.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. माझ्या आक्काचं लग्न निपाणीला ठरलं. आक्का प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. तिचा आवाज असा की तिनं वर्गात पाढे घेतले की रस्त्यावरचे सायकलवाले आपोआप म्हणायला लागत. मुलगा तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस, शांत, आणि आक्काला मनापासून आवडलेला. पाहायला आले त्या दिवशी सुदैवानं घरातलं कुणीही फुगलेलं नव्हतं. लग्न होईपर्यंत सुजेचं नाव कुणी काढायचं नाही, असं आप्पांनी सगळ्यांना बजावून ठेवलं. आणि तेव्हाच आक्काच्या खालच्या दाढेनं डोकं वर काढलं.

कीड आत गेली, पू झाला, गाल टरारला. लवंगेचा काही उपयोग होईना. आक्काला भाकरी चावता येईना, ताप येऊ लागला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात निपाणीच्या विहीणबाई साडी पसंत करायला म्हणून घरी आल्या. धिप्पाड बाई, अंगाला तंबाखूचा मंद वास, बोलणं सडेतोड. त्यांनी आक्काचा गाल बघितला आणि साडी बाजूलाच ठेवली.

"ही दाढ काढायला झालीया की वो. थांबलाय कशाला?"

आप्पा घसा साफ करून म्हणाले, "आमच्यात लग्न ठरल्यावर पोरीचा दात काढत न्हाईत."

"का वो?"

"कुळाचार हाय."

"आणि पोराचा?"

"पोराचा बी न्हाय."

"आमच्या पोराचा गेल्या महिन्यात काढलाय."

"मग तुमचा कुळाचार येगळा असणार," आप्पा म्हणाले आणि चहाकडे बघायला लागले.

विहीणबाईंनी आप्पांकडे असं पाहिलं की मला वाटलं लग्न तिथंच मोडतंय. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "आठ दिसांत पोरीची दाढ निघाली पायजे. न्हायतर मी आमच्या निपाणीच्या दातवाल्याला घिऊन इथं येते. कुळाचार तेला सांगा."

घरात कल्ला झाला. आईचं म्हणणं दाढ काढू या, आप्पांचं म्हणणं पोरगी मेली तर लग्न कुणाचं करायचं. आण्णा दोघांच्या मध्ये बसून मान हलवत होते. आक्का गालाला फडकं बांधून पडली होती. तापात तिचा तो आवाज पार खाली गेला होता, आणि त्या आवाजानं मी घाबरले. मला पहिल्यांदाच वाटलं की हे सगळं हसण्यावारी नेता येणार नाही. मी म्हटलं, "मी हिला मोठ्या दवाखान्यात नेते. दात काढायला न्हाय. दाखवायला." आप्पा म्हणाले, "मी बी येतो." दाखवायला म्हणून नेतील आणि काढूनच आणतील, अशी त्यांना खात्री होती.

डॉक्टर तरुण होते, कानडी, मराठी बोलायचे ते धारवाडी ढंगाचं. त्यांनी दाढ बघितली, आधी पू घालवायला इंजेक्शनं सुरू करायला सांगितली, आणि घरात कुणाला काही आजार आहे का असं सहज विचारलं. मी सूज सांगितली. आप्पांना राहवेना. त्यांनी मला बाजूला सारलं आणि आजोबांच्या वांग्यापासून सुरुवात केली. फणस, हरभरा, गुंजीचा वडा, माझा कुंदा. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आणि दात काढायचा न्हाय," आप्पांनी शेवटी सांगितलं.

डॉक्टरांचे खांदे थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बापानं," आप्पा म्हणाले. "मरून."

मग आप्पांनी जे सांगितलं ते मी आणि आक्का पहिल्यांदाच ऐकत होतो. आजोबांना बैलगाडीतून बाजाराला नेलं होतं ते आप्पांनीच. दाढ निघाली, आजोबा हसत घरी आले. संध्याकाळी त्यांचा आवाज जड झाला. ते काहीतरी सांगायला बघत होते. आप्पांना वाटलं, बोलून जखम दुखेल. "मी म्हटलं, गप पडा, बोलू नगासा. ते गप पडलं. मग लई येळानं माझ्या ध्यानात आलं की त्येनला श्वास घ्यायला येत न्हाय." एवढं सांगून आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत घातली.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. ते लांबच्या कुठल्या प्रयोगशाळेत जाऊन आलं, तोवर आक्का इंजेक्शनांवर तग धरून होती आणि निपाणीला आम्ही काहीबाही निरोप धाडत होतो. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं.

"तुमच्या गावात चोर आला तर काय करता?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"वरडतो."

"मग?"

"शेजारचा उठतोय. त्यो पुढच्याला उठवतोय. समदं गाव काठ्या घिऊन भाईर."

"रक्तातही तसंच आहे. जंतू आला की एक जण दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. कॉम्प्लिमेंट म्हणतात त्याला. आणि चोर नाहीच, कुत्रं भुंकलं होतं, असं कळलं तर?"

"पाटील सांगतोय, जावा आता घरला."

"तो पाटील तुमच्या घरच्या रक्तात कमी आहे. आणि पाण्याच्या पाटाचं दारही त्याच पाटलाच्या ताब्यात असतं. तो नसला की पाणी नसेतून मांसात झिरपतं. तीच तुमची सूज." पाटील तयार करायची कृती प्रत्येकाच्या अंगात दोन ठिकाणी लिहिलेली असते, एक आईकडची, एक बापाकडची, तिला जनुक म्हणतात, आणि तुमच्या घराण्यात त्यातली एक बिघडलेली आहे, असंही त्यांनी सांगितलं. बिघडलेली ज्याच्या वाट्याला येईल तो फुगणार. दर पोराच्या वेळी कौल नव्यानं लागतो, निम्मी शक्यता इकडची, निम्मी तिकडची. आजोबांची बिघडलेली कृती आण्णांकडे आणि धाकट्या काकांकडे आली, आण्णांकडून आक्काकडे आणि माझ्याकडे.

आप्पांनी एक बोट मुडपलं. मग म्हणाले, "आणि वांगं?"

"वांग्याचा संबंध नाही."

"हरभऱ्याची डाळ?"

"नाही."

"गुंजी?"

"गुंजीचा वडा मी स्वतः खातो."

"फणस?" हे त्यांनी फार हळू विचारलं.

"नाही. आणि तुम्हाला तर काहीच नाही. तुमच्याकडे दोन्ही कृती चांगल्या आहेत. तुम्ही वडिलांकडून निरोगी बाजू घेतलीत."

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. आप्पा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. घराण्यातून नाव कमी केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी त्या दुपारी कोपऱ्यावरून कुंदा आणला आणि मधोमध ठेवला. आण्णांनी घेतला, आईनं घेतला. आप्पा उठले, कुंद्याकडे बघितलं आणि सवयीनं जाऊन खिडकी लावून आले.

"म्हंजे मी उगंच सोडलं व्हय गं सगळं?" त्यांनी मला विचारलं. इतकी वर्षं त्यांच्यावर चिडण्यात गेली होती, आणि आता चिडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

दाढ काढावीच लागणार होती. डॉक्टरांनी सांगितलं, दाढेच्या जखमेनं तीच सूज घशात उतरू शकते, आजोबांचं तसंच झालं, म्हणून आधी हिच्या अंगात तो पाटील बाहेरून घालू. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि दाढ काढायच्या आधी हिला द्यायचं. घरातलं कुणी बिनदोषाचं असेल आणि गट जुळत असेल तर तपासू.

हे मी घरी येऊन सांगितलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेले आप्पा ताडकन उठून बसले.

त्यांचा गट जुळला. रक्त द्यायला ते धुतलेलं धोतर नेसून गेले. सुई टोचणाऱ्या सिस्टरला त्यांनी सांगितलं, "बाई, हे बिनवांग्याचं रगात हाय. फणससुदीक न्हाय तेच्यात." आणखी एक बाटली रक्तपेढीतून आली, तर त्या माणसानं आदल्या दिवशी काय खाल्लं होतं याची चौकशी त्यांनी दोनदा केली. पथ्य फुकट गेलं नव्हतं, ते आक्कासाठी साठवून ठेवलं होतं, अशी त्यांनी मनाशी समजूत करून घेतली. डॉक्टरांनी ती खोडली नाही, आणि मीही नाही.

दाढ काढायच्या दिवशी सकाळी निपाणीच्या विहीणबाई दवाखान्यात हजर. कुणीतरी त्यांना बातमी दिलीच होती. आप्पांनी पुढं होऊन कुळाचारातलं काहीतरी सुरू केलं, पण आक्का कॉटवर उठून बसली. "आप्पा, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. सूज, आजोबा, रक्तातला पाटील. "हे माझ्यासंगं जलमभर ऱ्हाणार. पोरं झाली तर त्येंच्यात बी उतरंल, न्हायतर न्हाय बी उतरणार. आता तुमी ठरवा."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. आक्काचा हात चादरीत घट्ट होता, तो मला दिसत होता. नाही म्हटलं तर ती रडणार नाही, पण पुन्हा कुणापुढं बसणारही नाही, हे मला ठाऊक होतं.

विहीणबाईंनी पदर नीट केला. "आमचा पोरगा झोपंत चालतोय," त्या म्हणाल्या. "एकदा झोपंत वखारीपातूर गेलता. कुलूप बघून परत आला. आमी सांगितलंतं व्हय तुमाला?"

"न्हाय," आक्का म्हणाली.

"मग झालं की. तुझं तोंड सुजलं की त्यो बघंल, त्यो चालाय लागला की तू बघ." मग आप्पांकडे वळून म्हणाल्या, "कुळाचार म्हणं."

दाढ निघाली. रक्त फार गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, खरी काळजी आता, उद्यापर्यंत. घशाकडे लक्ष ठेवा, आवाज बदलला तर लगेच हाक मारा.

आप्पांनी कॉटशेजारी स्टूल ओढलं. "आक्का, बोल," ते म्हणाले. आक्का कापसाचा बोळा दाताखाली धरून काहीतरी म्हणाली. "आणखी बोल." काय बोलू, असं तिनं हातानं विचारलं. "पाढे म्हण." तोंडातून बोळा निघाल्यावर आक्का दोनापासून सुरू झाली. जरा थांबली की आप्पा म्हणायचे, "म्हण गं." शेजारच्या कॉटवरची म्हातारी अगोदर वैतागली, मग बरोबर म्हणायला लागली, तीही कानडीतून. आप्पांना मी जेवायला जा म्हटलं तर ते हलले नाहीत. संध्याकाळ गेली, जी त्यांच्या वडिलांना बाधली होती. सकाळही गेली. आक्काचा गळा कुठंही सुजला नव्हता, आणि आता आम्ही सगळे जरा हसायला लागलो होतो.

तोच, पाढ्यांची कितवी तरी फेरी चालू असताना, तेराच्या पाढ्यात आक्काचा आवाज घोगरा झाला.

आप्पा स्टुलासकट उठले. टोपी पडली, ती त्यांनी उचललीही नाही. वऱ्हांड्यातून ते डॉक्टरांना हाताला धरून ओढत घेऊन आले. नुसते आक्काकडे बोट दाखवत होते. डॉक्टरांनी बॅटरीनं घसा बघितला, मानेला हात लावला, पुन्हा बघितला.

"किती वेळ बोलतायत या?"

"कालपास्नं," आक्का म्हणाली. "ह्येंनी बोलायला लावलंय."

डॉक्टर हसले. "सूज नाही काही. घसा बसलाय बोलून बोलून. आप्पा, त्यांना जरा गप्प बसायला सांगा."

आप्पा उभेच होते. आक्काकडे बघत होते. मग डॉक्टरांना म्हणाले, "मी न्हाय सांगणार. तुमी सांगा."

डॉक्टरांना आजोबांचं आठवलं असावं, कारण त्यांनीही सांगितलं नाही. आक्कानं आप्पांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बसा आप्पा. मी बोलते. हळू बोलते."

आप्पा स्टुलावर बसले. आक्कानं अगदी बारीक आवाजात चौदाचा पाढा सुरू केला.